आडात होतं, मग पोहऱ्यात का आलं नाही?

२०२१ च्या सप्टेंबरात केपीएमजी या हिशेबतपासणी आणि सल्लागार संस्थेच्या ब्रिटिश शाखेनं एक उद्दिष्ट जाहीर केलं. २०३० पर्यंत आपल्या भागीदार आणि संचालकांपैकी २९ टक्के माणसं कष्टकरी घरांतून आलेली असतील. त्या वेळी भागीदारांत अशी २३ टक्के होती आणि संचालकांत २० टक्के. (इथे ‘संचालक’ म्हणजे कंपनीच्या मंडळावर बसणारा नव्हे, भागीदाराच्या लगेच खालची ती पायरी.) वरच्या पदांवर बायका किती असाव्यात, कृष्णवर्णीय किती असावेत, अशी उद्दिष्टं लंडनच्या बड्या संस्थांना सवयीची झाली होती. वडील ट्रक चालवायचे की वकिली करायचे, यावर आकडा लावणं मात्र नवीन होतं.

या घोषणेची बातमी बरीच गाजली. माझ्या लेखी खरं प्रकरण तिच्या सव्वा वर्षानंतरचं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये याच संस्थेनं ब्रिज ग्रुप या संशोधन संस्थेकडून करून घेतलेली एक पाहणी प्रसिद्ध केली. १६,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या पाच वर्षांतल्या बढत्या त्यात तपासल्या होत्या. कोण किती दिवसांत पुढच्या पायरीवर गेलं, एवढाच साधा प्रश्न. उत्तर असं आलं की कष्टकरी घरातल्या माणसाला पुढची पायरी गाठायला सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागतो. आणि लिंग, वंश वगैरे ज्या ज्या गोष्टी मोजल्या, त्या सगळ्यांत बढतीवर सर्वांत जास्त परिणाम घराच्या पार्श्वभूमीचा होता.

हा निष्कर्ष कोणा टीकाकारानं बाहेरून लादलेला नाही. दुसऱ्यांच्या वह्या तपासून पोट भरणाऱ्यांनी स्वतःची वही उघडली आणि त्यात निघालेली तूट स्वतःच छापली. म्हणून हे प्रकरण अभ्यासाला घेतलं.

आधीची थोडी गोष्ट

फेब्रुवारी २०२१ मध्ये या शाखेचे अध्यक्ष बिल मायकेल यांनी एका ऑनलाइन बैठकीत कर्मचाऱ्यांना सुनावलं की रडगाणं थांबवा. साथीचे दिवस होते, पगार-बोनसची चिंता होती, त्यात हे. नकळत होणारा पक्षपात ही कल्पनाच भंपक आहे, असंही ते त्याच बैठकीत म्हणाले. गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली आणि पद सोडलं. अध्यक्षपदी बीना मेहता आल्या; त्या पदावरची ही पहिलीच स्त्री. सात महिन्यांनी २९ टक्क्यांची घोषणा झाली. दोन्ही घटनांचा धागा जोडायचा मोह होतो. मी तो जोडत नाही, पण बिघडलेली प्रतिमा सावरायची गरज त्या वर्षी संस्थेला होती हे विसरूनही चालत नाही.

शिवाय लंडनच्या वित्तक्षेत्रातलं वारंही त्याच दिशेनं वाहत होतं. ब्रिज ग्रुपनंच २०२० मध्ये आठ वित्तीय संस्थांचा अभ्यास केला होता. तिथे वरिष्ठ पदांवरचे ८९ टक्के लोक सुस्थितीतल्या घरांतले निघाले. इतरांना बढतीला २५ टक्के जास्त वेळ लागत होता, आणि त्यांचं काम कमी दर्जाचं असल्याचा कसलाही पुरावा नव्हता. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा, त्याकडे पुन्हा येऊ.

घर मोजायचं कसं?

माणसाला ‘तू कुठल्या वर्गातला’ असं विचारलं तर उत्तर भरवशाचं मिळत नाही. लाखो पौंड कमावणारा माणूसही आजोबा खाणीत होते म्हणून स्वतःला कामगारवर्गीय म्हणवतो. पालकांचं उत्पन्न विचारावं तर ते बहुतेकांना ठाऊकच नसतं. म्हणून ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशननं, म्हणजे गरीब घरातली मुलं किती पुढे जातात यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, एक प्रश्न सुचवला आहे: तुम्ही साधारण १४ वर्षांचे असताना तुमच्या घरातला मुख्य कमावता माणूस काय काम करत होता?

प्रश्न साधा आहे आणि हुशारीचा आहे. चौदाव्या वर्षी मुलाला घरातल्या मोठ्यांचं काम नीट सांगता येतं, आणि त्याच्या स्वतःच्या कमाईचा त्यात अजून वाटा नसतो. उत्तरांचे तीन गट पडतात: व्यावसायिक आणि व्यवस्थापक, मधले, आणि कष्टकरी. वाहनचालक, सफाई कामगार, शेतमजूर यांची मुलं तिसऱ्या गटात. कमिशनच्या मापानं देशाच्या नोकरदार वर्गात पहिला गट ३७ टक्के, मधला २४ आणि कष्टकरी ३९ टक्के भरतो.

आता २९ टक्क्यांचं उद्दिष्ट या ३९ शेजारी ठेवून पाहा. २०३० मध्ये ते पूर्ण झालं, टाळ्या वाजल्या, तरी कष्टकरी घरांचा वाटा देशातल्या वाट्यापेक्षा दहा टक्के-अंकांनी कमीच असेल. त्याच सुमारास लंडन शहराच्या कृतिगटानं वित्तीय क्षेत्रासाठी २०३० पर्यंत ५० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं. ते मोठं दिसतं, कारण त्यात मधला गटही धरला आहे. दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी मोजपट्टी तपासावी, हे हिशेबतपासनिसांना तरी सांगायला नको.

इथे थोडं विषयांतर. ब्रिटिश संस्थांनी प्रश्न विचारला म्हणून त्यांच्याकडे उत्तर आहे. भारतातल्या कंपन्या हा प्रश्न विचारतच नाहीत. डी. अजित, हान डॉन्कर आणि रवी सक्सेना यांना इथल्या १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची रचना पाहायची होती, तर त्यांना नऊ हजारांवर संचालकांची आडनावं वाचत बसावं लागलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय निघाले. आडनावावरून जात ओळखणं हे ढोबळ माप आहे, चुकाही होत असतील. पण दुसरं माप कंपन्यांनी उपलब्धच करून दिलेलं नाही.

दाराची डागडुजी

वरिष्ठांना या विषयावर छेडलं की जगात कुठेही एक ठरलेलं उत्तर मिळतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणजे शाळा-कॉलेजांतूनच तशी मुलं येत नाहीत, आम्ही वर कोणाला नेणार?

२०१५ पर्यंत या उत्तरात थोडंफार तथ्य होतं, आणि त्यात संस्थांचाच हात होता. त्या वर्षी सोशल मोबिलिटी कमिशनसाठी झालेल्या अभ्यासात कायदा, हिशेबतपासणी आणि वित्त क्षेत्रातल्या १३ नामांकित संस्था पाहिल्या गेल्या. त्यांनी देऊ केलेल्या नोकऱ्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत नोकऱ्या फी भरून शिकवणाऱ्या किंवा निवडक प्रवेशाच्या सरकारी शाळांतल्या मुलांना मिळाल्या होत्या. अशा शाळांत देशातली जेमतेम ११ टक्के मुलं शिकतात. दुसऱ्या वर्षी गुंतवणूक बँकांवरचा अहवाल आला. सुटावर तपकिरी बूट घातलेला उमेदवार तिथल्या काही जणांच्या नजरेतून उतरतो, असं त्यात नोंदवलं होतं. एका मुलाला सांगण्यात आलं की मुलाखत छान झाली, तू हुशार आहेस, पण तुझा टाय जरा भडक आहे. काळे बूट घालायचे हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते घरात पाहायला मिळतं, नाहीतर मिळत नाही.

मग दाराची डागडुजी सुरू झाली. ईवाय आणि पीडब्ल्यूसी या केपीएमजीच्या तोडीच्या दोन हिशेबतपासणी संस्थांनी २०१५ मध्येच शालान्त गुणांची अट काढून टाकली. केपीएमजीनं त्याआधी, २०११ पासून, शाळा संपवून आलेल्या मुलांना नोकरीत ठेवून पदवी आणि सनदी लेखापालाची पात्रता मिळवून देणारी योजना चालवली होती. हे सगळं चांगलंच झालं. दार रुंद झालं.

आणि म्हणूनच २०२२ ची पाहणी बोचते. तिनं दारातून आत आलेल्यांकडेच पाहिलं. ही सगळी निवड होऊन घेतलेली माणसं. एकच ओळखपत्र, तीच परीक्षा, तोच संगणक. आडात पाणी होतं. तरी पोहरा उशिरा वर येत होता.

१९ टक्के म्हणजे किती?

ऐकायला १९ टक्के फार वाटत नाहीत. गणित मांडू. समजा एक पायरी चढायला सुस्थितीतल्या घरातल्या माणसाला तीन वर्षं लागतात. कष्टकऱ्याच्या मुलीला तीन वर्षं सात महिने लागतील. शिकाऊपासून भागीदारापर्यंत अशा पाच पायऱ्या धरल्या, तर जवळजवळ तीन वर्षांचा फरक पडतो. हे माझं उदाहरण आहे, संस्थेच्या पायऱ्या सगळ्या सारख्या नसतात. पण उशीर कसा साचत जातो ते यावरून कळावं.

त्यातही उशीर नुसता उशीर राहत नाही. हिशेबतपासणीच्या धंद्यात पात्रता मिळाली की बाहेरच्या कंपन्यांची बोलावणी सुरू होतात. पगार पक्का, कामाचे तास कमी. ज्याची बढती दोनदा पुढे ढकलली गेली, तो तिसऱ्या वेळेची वाट का पाहील? तो जातो. मागे राहिलेल्यांतून भागीदार निवडायची वेळ येते तेव्हा निवडणाऱ्यांसमोर एकाच वळणाची माणसं उभी असतात. मग प्रामाणिकपणे सांगता येतं की दुसरं कोणी नव्हतंच.

आणि शिडीच्या टोकाला काय आहे? २०२१ च्या आर्थिक वर्षात केपीएमजीच्या ब्रिटनमधल्या भागीदाराला सरासरी ६,८८,००० पौंड मिळाले.

शुक्रवारी दुपारी काम कोणाला मिळतं

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे. पाहणी सांगते की उशीर होतो. का होतो हे आकड्यांत पूर्ण दिसत नाही, ते या धंद्याची रीत माहीत असलेल्यालाच दिसतं. आपल्याकडे ज्यांनी सीएची आर्टिकलशिप केली आहे त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल.

समजा दोघी एकाच दिवशी रुजू झाल्या. एकीची आई वकील, दुसरीचे वडील बसचालक. दोघी सारख्याच हुशार. वर्षअखेरीच्या लेखापरीक्षणाचे दिवस आले. शुक्रवारी दुपारी पुढची कामं वाटायची आहेत. शेअर बाजारात असलेल्या एका मोठ्या कंपनीचं काम आहे आणि एका गोदामातला माल मोजायचं काम आहे. दोन्ही कामं कोणीतरी करायचीच आहेत. कागदोपत्री दोन्हींचे तास सारखेच भरतात.

पहिली सहज भागीदाराच्या खोलीत डोकावते आणि म्हणते, त्या मोठ्या कामावर मला घ्याल का? तिला ठाऊक आहे की असं विचारता येतं. घरी जेवणाच्या टेबलावर तिनं आईला तिच्या कनिष्ठांबद्दल बोलताना ऐकलं आहे: कोण पुढे होऊन मागतं, कोण मागत नाही. दुसरीला घरानं दुसरा धडा दिलेला आहे. मान खाली घालून काम कर, साहेबाच्या पुढेपुढे करू नकोस, चांगलं काम आपोआप दिसतं. बसच्या आगारात हा धडा अगदी बरोबर असतो. तिथे पाळी यादीनुसार लागते, आणि यादी भिंतीवर असते.

इथे यादी भिंतीवर नसते. काम वाटणारा विभाग असतो खरा, पण भागीदारानं ‘मला तीच हवी’ म्हटलं की विषय संपतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा तिलाच मागतो, कारण मागच्या वेळी तिनं चांगलं केलं होतं. यात लबाडी नाही. भागीदाराच्या डोक्यावर मुदत असते, आजमावलेला माणूस सोडून नवा घ्यायची जोखीम तो कशाला पत्करेल? तीन वर्षांनी मूल्यमापनाच्या बैठकीत एकीच्या नावापुढे मोठी कामं, ओळखीचे ग्राहक आणि दोन भागीदारांचा शब्द असतो. दुसरीच्या नावापुढे ‘विश्वासू, मेहनती’ असा शेरा असतो. बढतीच्या बैठकीत हा शेरा घात करतो.

२०२० च्या अभ्यासातला तो शेवटचा मुद्दा इथे नीट लागतो. काम कमी दर्जाचं नव्हतं. पण बढती कामाच्या दर्जावर जेवढी ठरते, त्याहून जास्त ती कुठलं काम वाट्याला आलं यावर ठरते.

सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन या दोन समाजशास्त्रज्ञांनी अशाच एका मोठ्या हिशेबतपासणी संस्थेत शिरून, तिचं नाव गुप्त ठेवून, हे पाठीराख्यांचं राज्य तपासलं. भागीदार आपल्यापैकी वाटणाऱ्या तरुणाला हाताशी धरतात. ‘आपल्यापैकी’ हे विनोदाच्या जातीवरून ठरतं, सुटीच्या गप्पांवरून ठरतं, बोलण्याच्या हेलावरून ठरतं. त्याच दोघांनी सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणाचे आकडे तपासले, तेव्हा सर्वांत वरच्या व्यवसायांत पोहोचलेल्या कष्टकरी घरातल्या लोकांची कमाई बाकीच्यांपेक्षा सरासरी १६ टक्के कमी निघाली. आपल्याकडच्या वशिल्यापेक्षा हे प्रकरण वेगळं आहे. वशिल्यात निदान दोघांनाही माहीत असतं की काय चाललं आहे. इथे भागीदाराला खरंच वाटतं की आपण गुणवत्ता पारखली, आणि वकिलाच्या मुलीलाही खरंच वाटतं की आपण गुणांवर पुढे आलो.

शेवटची पायरी तर आणखी वेगळी. भागीदार व्हायचं तर धंदा आणून दाखवावा लागतो, आणि आत येताना स्वतःचं भांडवल घालावं लागतं. ते बहुधा कर्ज काढून उभं राहतं. ज्याच्या घरात मोठं कर्ज म्हणजे संकट, आणि ज्याच्या घरात मोठं कर्ज म्हणजे संधी, त्या दोघांना हा कागद सही करताना सारखाच दिसत नाही. धंदा आणण्याचंही तसंच. वर्गमित्रांपैकी किती जण पुढे कंपन्यांचे वित्तप्रमुख होतात, हा शाळेचा प्रश्न आहे. हिशेबतपासणीचा त्याच्याशी संबंध नाही. या व्यवसायात एके काळी उमेदवारी करायला मुलाच्या वडिलांना उलट मालकालाच रक्कम मोजावी लागत असे. ती रीत गेली. घरच्या पैशाचं वजन मात्र शिडीच्या तळाकडून टोकाकडे सरकलं.

संस्थेनं काय केलं, आणि कायदा काय करतो

संस्थेनं प्रशिक्षण ठेवलं: वर्गाचे न दिसणारे अडथळे समजावून सांगणारं, सगळ्यांसाठी. वर्गनिहाय पगारातली तफावतही जाहीर केली, जे करायला कोणी सांगितलेलं नव्हतं. तफावत छापण्याला मी प्रशिक्षणापेक्षा जास्त किंमत देतो. प्रशिक्षणाच्या खोलीतून बाहेर पडलेला भागीदार शुक्रवारी दुपारी पुन्हा आजमावलेल्या मुलीलाच बोलावतो. आकडा मात्र दर वर्षी छापायचा ठरला की कोणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागतं.

कायद्याचा रेटा इथे नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात नऊ संरक्षित बाबी आहेत. वंश आहे, लिंग आहे, वय आहे, धर्म आहे, वर्ग नाही. त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात आर्थिक-सामाजिक विषमतेचा विचार करण्याचं कर्तव्य लिहिलेलं आहे. स्कॉटलंडनं ते २०१८ मध्ये आणि वेल्सनं २०२१ मध्ये अमलात आणलं. पण ते सार्वजनिक संस्थांपुरतं आहे, खासगी कंपनीला लागू नाही. बसचालकाच्या मुलीला केवळ घरामुळे मागे ठेवलं गेलं तर तिला त्या कारणावर दाद मागता येत नाही. म्हणजे केपीएमजीनं केलं ते स्वेच्छेनं, आणि स्वेच्छेनं केलेलं स्वेच्छेनं थांबवताही येतं.

दोन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला असा की असं उद्दिष्ट ठेवल्यानं गुणवत्ता घसरेल. त्याला २०२० च्या अभ्यासानं उत्तर दिलेलं आहे, मी पुन्हा देत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. उत्तर देणारा स्वतःच रकाना भरतो, तेव्हा उद्दिष्ट जवळ आणायला बढत्याच द्याव्या लागतात असं नाही. आजवर रकाना रिकामा सोडणाऱ्या भागीदारांना तो भरायला लावलं तरी टक्केवारी हलते. हे फसवणूक न करताही घडू शकतं, कारण वीस वर्षं आपली बोली झाकत आलेला माणूस वातावरण बदललं की मोकळेपणानं सांगायला लागतो. त्याचं सांगणं चांगलंच, पण त्यानं मागची मुलगी पुढे सरकत नाही. म्हणून टोकाच्या टक्केवारीपेक्षा मला बढतीच्या वेगाचा आकडा भरवशाचा वाटतो. तो ओढूनताणून सुधारणं कठीण आहे.

माझ्या हातात असतं तर मी आणखी एक रकाना वाढवला असता: पहिल्या तीन वर्षांत मोठ्या ग्राहकांची कामं कोणाकोणाच्या वाट्याला आली, घराच्या पार्श्वभूमीनुसार. तासांची नोंद ठेवण्यात या धंद्याचा हात कोणी धरू शकत नाही. कोणत्या ग्राहकासाठी कोणी किती तास घातले हे मिनिटांच्या हिशेबात लिहिलेलं असतं, कारण त्यावरच बिल बनतं. चौदाव्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तरही संस्थेकडे आहे. दोन तक्ते शेजारी मांडायचे आहेत, एवढंच.

आणि ते आताच मांडायला हवेत. २०३० मध्ये ज्यांच्या भागीदारीवर मत घेतलं जाईल, ती माणसं आज तिथे वरिष्ठ व्यवस्थापक म्हणून बसली आहेत. त्यांच्या हाती कोणते ग्राहक आहेत, हे वाटप कधीच होऊन गेलं आहे.